पिवळ्या जहाजाची खेळी

सोमवार, १८ सप्टेंबर २०१७. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. झाई गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या मागच्या खोलीत जुन्या संगणकाने एकदाच बारीक आवाज केला. पडद्याच्या कोपऱ्यात ४१२ हा आकडा होता, तो जाऊन ४१३ आला. खोलीत त्या वेळी झाडू मारणारी हिराबाई एकटीच होती. तिची पाठ संगणकाकडे होती. खुर्ची रिकामी होती.

वेळ नक्की सांगता येते, कारण आवाज झाल्यावर हिराबाईने पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पण दहा महिने कोणी ऐकला नव्हता. झाडू तिथेच टाकून ती तीन घरे सोडून राहणाऱ्या हिनाकडे गेली.

"तुमचा खेळ वाजला गो."

"कोण बसलंय खेळायला?"

"मी बसलेय. कचऱ्याशी खेळतेय," हिराबाई म्हणाली. "चल आणि बघ. मी एकटी परत नाही जायची त्या खोलीत."

हा संगणक २००९ मध्ये डहाणूच्या एका कार्यालयाने काढून टाकला तेव्हा सोसायटीला मिळाला. हिशेबासाठी त्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या आत एक खेळ होता, तो मात्र राहिला. खेळाचे इंग्रजी नाव कोणी घेत नाही, गावात त्याला 'दर्या' म्हणतात. निळ्या पडद्यावर चौकोन पाडलेला समुद्र, एका बाजूला बंदर, मागे तीन डोंगर, आणि आठ रंगांची आठ जहाजे. आठ माणसे खेळतात, पण एकत्र बसावे लागत नाही. ज्याला सवड होईल त्याने यावे, आपला गुप्त शब्द टाकावा, वाऱ्याचा बाण बघून जहाज जास्तीत जास्त दोन घरे हलवावे, जाळे टाकावे आणि निघून जावे. आठही जणांची खेळी झाली की संगणक एकदा वाजतो आणि दिवसाचा आकडा एकाने पुढे सरकतो. एक जरी खेळी राहिली तरी दिवस बदलत नाही.

गावात २०१४ नंतर घरोघर मोबाईल आले. त्यावरचे खेळ यायचे, महिन्याभरात शिळे व्हायचे. दर्या टिकला. त्याला घाई नव्हती. एक खेळी दोन मिनिटांची, पण तिच्यावर वाद दुपारभर चालायचा. मासा ऋतूप्रमाणे जागा बदलायचा आणि कुठे जाईल हे पक्के कधीच कळायचे नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना आठवड्याला तीन-तीन दिवस उलटायचे, मासेमारी सुरू झाली की महिन्याला एखादा. खेळणाऱ्यांनी मधल्या उंच डोंगराला महालक्ष्मी नाव दिले होते, आणि प्रत्येकाने आपल्या घराण्याचा खुंट, म्हणजे डोल जाळे बांधायचा समुद्रातला खांब, खऱ्या समुद्रात जिथे आहे त्या अंदाजाने पडद्यावरची जागा धरली होती. कोणी दुसऱ्याच्या जागेवर जाळे टाकत नसे. खेळाचा तसा नियम नव्हता. गावाचा होता.

पिवळे जहाज धर्मेशचे. देवजी तांडेलांचा मुलगा, हिनाचा मोठा भाऊ, वय एकतीस. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी सकाळी तो एकटाच लहान होडी घेऊन खुंटाची दोरी बघायला गेला. दुपारी होडी उंबरगावच्या बाजूला तरंगताना सापडली. इंजिन बंद, दोरी गुंडाळलेली, जेवणाचा डबा उघडलेला नव्हता. धर्मेश सापडला नाही. पोलिसांत बेपत्ता अशी नोंद झाली.

त्या आठवड्यात बाकीच्या सात जणांची खेळी होऊन गेली होती. दिवस ४१२ त्याच्यासाठी अडला. खेळात अशा वेळेची सोय आहे. सुरुवातीला आठ नावांची यादी येते, त्यातले नाव निवडून जहाज 'हरवले' म्हणून कायमचे पुसता येते. जहाज मात्र समुद्रावर असले पाहिजे. सोसायटीचा सेक्रेटरी रविंद्र याने पूर्वी एकदा थट्टेने धर्मेशचे जहाज पुसायला घेतले होते. ते बंदरात उभे होते, म्हणून संगणकाने नकार दिला. त्यावर धर्मेश म्हणाला होता, "बघ, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

नोव्हेंबरनंतर कोणी ते नाव पुसले नाही. उत्तरक्रिया झाल्याशिवाय त्याच्या खऱ्या खुंटाला कोणी जाळे बांधणार नव्हते, तसेच हेही. यंत्राला खारी हवा लागून ते सडू नये म्हणून हिनाच्या सांगण्यावरून हिराबाई रोज सकाळी अर्धा तास ते चालू ठेवायची. बाकी खोली बंद असायची.

समुद्राने देह परत दिला नाही तर गावात दर्भाचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचा सदरा घालतात आणि सर्वपित्री अमावस्येला किनाऱ्यावर अग्नी देतात. या रिवाजाला एक अट आहे. पुतळा बांधल्यापासून अग्नी देईपर्यंत त्या माणसाची काही खबर आली, तर अग्नी थांबवायचा आणि पुढच्या वर्षीच्या त्याच तिथीपर्यंत वाट बघायची. धर्मेशचा पुतळा १७ तारखेला संध्याकाळी बांधून झाला होता. अमावस्या १९ तारखेला होती. संगणक वाजला तो १८ ला.

हिनाचे पांढरे जहाज. तिने आपला शब्द टाकून समुद्र उघडला, तेव्हा खोलीत देवजी, रविंद्र आणि धर्मेशची बायको जमुना आले होते. पिवळे जहाज बंदरापासून तीन घरे बाहेर होते. बंदराकडे यायचे तर सरळ यायला हवे. ते दोन घरे बाजूला सरकले होते.

"डोशीला वळसा," रविंद्र म्हणाला.

झाईच्या समोर पाण्याखाली एक खडक आहे. ओहोटीलाही दिसत नाही. गुजरातीत म्हातारीला डोशी म्हणतात, तेच त्याचे नाव. किनाऱ्यामागच्या खऱ्या महालक्ष्मी डोंगराचे टोक गावातल्या देवळाच्या झेंड्यावर आले की होडी वळवायची आणि झेंडा पुन्हा मोकळा दिसेपर्यंत सरळ यायचे नाही, असे इथे दहा वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. खेळात तो खडक नाही. तिथे रिकामा चौकोन आहे, इतर सात जण त्याच्यावरून बिनदिक्कत जहाज नेतात. धर्मेश कधीच न्यायचा नाही. एक खेळी वाया घालवून तो वळसा घ्यायचा आणि सगळे हसायचे. "डोशीला काय ठाऊक, हा खेळ आहे?" असे त्याचे उत्तर असायचे.

"शब्द कोणाकोणाला माहीत होता त्याचा?" देवजींनी विचारले.

कोणालाच नव्हता. रविंद्रने जमुनाकडे पाहिले.

"वहिनी, नवऱ्याचा शब्द बायकोला ठाऊक नसेल तर कोणाला असेल?"

"एटीएमचा नंबर सांगितला नाही त्याने मला," जमुना म्हणाली. "खेळातला शब्द सांगेल?"

"रागावू नका. गाव विचारेल म्हणून विचारलं."

"गावाला सांगा, सात वाजता मी बाजारात होते. बोंबलाचा वाटा घेऊन तलासरीला. पहिल्या गाडीने गेले, हिनाने फोन केला तेव्हा परत फिरले. गाडीत अर्धं गाव होतं."

हे तपासता येते आणि तपासले गेले. सकाळी सहाच्या सुमारास तिला गाडीत बसताना पाहणारी चार माणसे आहेत.

जमुनाला क्रिया नको होती. तिने ते कोणापासून लपवले नव्हते. क्रिया देवजींना हवी होती. "सून तिशीची नाही झाली," ते सगळ्यांना सांगायचे. "दाराकडे बघत किती वर्षं बसवायची तिला? तो गेला. मी त्या पाण्यात चाळीस वर्षं काढली, मला कळतं." म्हणून संशय जमुनावर गेला आणि गाडीतल्या चार माणसांनंतरही पुरता उतरला नाही.

दुपारी पाच वडीलधारे देवजींच्या ओट्यावर बसले. प्रश्न एकच होता. यंत्रातली खेळी ही खबर धरायची की नाही? एकाचे म्हणणे, खबर माणसाने आणावी लागते. दुसऱ्याने विचारले, होडीची फळी वाहून आली असती तर खबर धरली असती ना, ती काय माणसाने आणली असती? दोन तासांनी ठरले की धरायची. पुतळा देवजींच्या घराच्या आढ्याला बांधून ठेवण्यात आला. जमुनाच्या हातात बांगड्या राहिल्या.

डहाणूत संगणक दुरुस्त करणाऱ्या दिपकला हिनाने खोलीत आणले. त्याने यंत्र उघडून आतले मीठ खरवडले, एक तास बसला. आतली बॅटरी मेलेली होती, त्यामुळे खेळी कधी झाली याची वेळ यंत्राकडे नव्हती.

"इतकं जुनं आहे, काहीही करू शकतं," तो म्हणाला. "आकडा उडेल, जहाज गायब होईल. जहाज डोंगरावर चढलं असतं तरी मी म्हटलं असतं, बिघाड."

"मग हा बिघाड नाही?"

"ताई, बिघाड वळसा घालत नाही. एवढंच सांगतो."

बिलाऐवजी त्याने एक खेळी खेळायला मागितली. हिनाने आपल्या पांढऱ्या जहाजाची दिली. तो पाऊण तास वाऱ्याच्या बाणाकडे बघत राहिला आणि जाताना म्हणाला की असा खेळ हल्ली कोणी बनवत नाही.

सातही जणांनी त्या महिन्यात आपापली खेळी केली. दिवस ४१३ पुन्हा पिवळ्या जहाजापाशी अडला. वर्षभर ते हलले नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर २०१८. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री होती. पुतळ्याला नवा दर्भ लावून झाला होता. या वेळी देवजींनी आधीच व्यवस्था केली होती. आठवडाभर खोलीला त्यांचे स्वतःचे कुलूप होते, किल्ली कमरेला. सकाळी पावणेसातला त्यांनी खोली उघडली, हिराबाईने यंत्र चालू केले, आणि देवजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. दोन्ही हात मांडीवर.

"तुम्ही काय बघणार?" हिराबाईने विचारले.

"कोण येतं ते."

हिराबाई दारात बसून राहिली. सात वाजता ती पाण्याची कळशी भरायला नळावर गेली. नळ खोलीपासून तीस पावलांवर आहे. कळशी अर्धी भरली असताना तिने तो बारीक आवाज ऐकला. ती धावत आली, तेव्हा देवजी तसेच बसले होते, हात मांडीवर. घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली होती. पडद्यावर ४१४.

"कोणी केलं?"

हिराबाईने विचारले आणि ती हिनाला बोलवायला धावली. हिना आली, तिने समुद्र उघडला. पिवळे जहाज डोशीच्या पलीकडून निघून दोन घरे आत आले होते. आता बंदर एक घर दूर होते.

"बाबा, तुम्ही हात लावलात?" हिनाने विचारले.

"मला ते यंत्र चालवता येतं का?"

"मग तुम्ही काय पाहिलंत?"

देवजी उठले आणि म्हणाले, "उद्याचं राहू दे." एवढेच. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या दहा मिनिटांबद्दल ते कोणाशी बोललेले नाहीत. क्रिया हवी असा हट्ट धरणारा माणूस त्या सकाळनंतर क्रियेच्या विरोधात गेला. गावात कुजबुज झाली की म्हाताऱ्यानेच कळ दाबली. पण ज्याला खेळ येत नाही, शब्द माहीत नाही आणि ज्याला पुतळा जाळायचा होता त्याने ती का दाबावी, हे कुजबुजणाऱ्यांना सांगता आले नाही.

यानंतर उरलेल्यांनी खेळायचे सोडले. ठरवून नाही. रविंद्र म्हणाला त्याला वेळ नाही, दुसरा म्हणाला डोळे दुखतात. आपल्या खेळ्या झाल्या नाहीत तर दिवस बदलणार नाही, दिवस बदलला नाही तर आवाज होणार नाही, इतका हिशेब प्रत्येकाने मनात केलेला होता. त्या हिशेबाची दुसरी बाजू हिनाने बोलून दाखवली.

"म्हणजे दादा खेळला तरी आपल्याला कळणार नाही," ती म्हणाली.

"तेच बरं," रविंद्र म्हणाला.

हिराबाई रोज यंत्र चालू करत राहिली. नावांची यादी यायची, त्यापुढे कोणी गेले नाही. पुढचे जवळजवळ एक वर्ष समुद्र कोणी उघडला नाही.

बदलली ती जमुना. पहिल्या वर्षी तिला ती खेळी आधारासारखी वाटली असावी. तिसऱ्या वर्षी तसे नव्हते. चैत्रात हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही यावरून दोन घरांत भांडण झाले, आणि शेवटी ज्यांनी बोलावले त्यांनी कुंकू लावताना हात आखडला. तलासरीच्या बाजारात तिच्याकडून नेहमी सुकी मासळी घेणारी कैनाड गावची जिवली एकदा सहज विचारून गेली, "नवरा कुठे गो तुझा?" जमुना म्हणाली, "येतोय." ते ऐकून शेजारची कोळीण हसली. घरी येऊन जमुनाने हे हिनाला सांगितले, आणि तेव्हाच सांगितले की या वर्षी पुतळा जाळायचा.

"बाबा नको म्हणतायत, वहिनी."

"बाबांना फक्त मुलाची वाट बघायचीय. मला रोज सकाळी उठून ठरवावं लागतं मी कोण आहे ते. आढ्याला तो पुतळा टांगलाय, त्याच्याखाली मी झोपते. सदरा त्याचा आहे, अजून वास आहे त्याला. किती वर्षं?"

"आणि परत खबर आली तर?"

"म्हणून मीच पुसणार. आधी यंत्रातलं नाव पुसायचं, मग अग्नी. जहाजच नसेल तर खेळेल कशाने?"

शुक्रवार, २७ सप्टेंबर २०१९. सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, जमुनाच्या मागणीवरून खोलीची दोन्ही दारे उघडी ठेवण्यात आली. आत हिना, रविंद्र, हिराबाई आणि वडीलधाऱ्यांपैकी दोघे. देवजी आले, पण उंबऱ्याच्या बाहेर थांबले. पुतळा किनाऱ्यावर नेण्यासाठी खाली काढून ठेवला होता. अग्नी दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

यंत्र चालू झाले. आठ नावांची यादी आली. हिनाने जमुनाला बाण कसा खाली न्यायचा ते दाखवले आणि खुर्ची तिला दिली.

"हे त्याचं नाव. इथे थांबायचं. आता ही कळ दाबली की विचारेल, नक्की का. मग ही."

"एकदा पुसलं की परत येत नाही ना?"

"नाही."

जमुनाने पदर खोचला. पहिली कळ दाबली. पडद्यावर प्रश्न आला. तिने मागे वळून देवजींकडे पाहिले.

"बाबा, बोलायचं असेल तर आता बोला. त्या दिवशी काय पाहिलंत?"

देवजी समुद्राकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत.

तिने दुसरी कळ दाबली. यंत्र घरघरले, नाव जागेवरच राहिले आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. रविंद्रने ती वाचली. ही ओळ त्याने पूर्वी एकदा, थट्टेत, पाहिली होती.

"काय म्हणतंय?" जमुनाने विचारले.

हिनाने त्या ओळीवरून बोट फिरवले.

"वाच ना गो."

"पुसता येत नाही म्हणतंय," हिना म्हणाली. "जहाज बंदरात आहे."

वेळ अकरा वाजून बावीस मिनिटे. जमुना खुर्चीतून उठली नाही. बाहेर देवजींनी चपला काढल्या आणि ते धक्क्याच्या दिशेने अनवाणी चालू लागले. धक्क्यावर त्या वेळी भरती होती, आणि गावाच्या होड्यांशिवाय तिथे दुसरे काही नव्हते, हे तिथे जाळी विणत बसलेल्या तिघांनी सांगितले आहे.

२८ तारखेला अग्नी दिला गेला नाही. वडीलधाऱ्यांनी या वेळी बैठकही घेतली नाही.

रविंद्रच्या मते एकच परीक्षा उरते. दिवस ४१४ ची खेळी बाकीच्या सात जणांची राहिलेली आहे. ती सातही जणांनी करावी. संगणक वाजून ४१५ झाला, तर पिवळ्या जहाजाने आपली खेळी आधीच केली आहे आणि ते खरोखर आत आलेले आहे. वाजला नाही, तर ती ओळ बिघाड होती, जहाज अजून एक घर बाहेर आहे आणि जमुनाला ते पुसता येईल. डहाणूहून दिपकने फोनवर याला दुजोरा दिला. नकाशा उघडून आधीच पाहावे असे कोणीतरी सुचवले, पण आपला शब्द टाकला की समोर समुद्र येतो, आणि तो दिसताच खेळणाऱ्यांनी पडद्यावर हात धरून खालचा कोपराच बघितला. बंदराकडे बघितल्याचे कोणी कबूल करत नाही.

१२ ऑक्टोबर २०१९ पर्यंत सातपैकी सहा जणांनी खेळी केली आहे. सातवी हिनाच्या पांढऱ्या जहाजाची. ती रोज सकाळी सातला खोलीत जाते, शब्दाची पहिली तीन अक्षरे टाकते आणि जमुनाकडे बघते. जमुना शेजारी स्टुलावर बसलेली असते. तिने हिनाला अजून हो म्हटलेले नाही.